ट्रेनी म्हणजे फुकटची माणसं नव्हेत : सोलापुरातल्या हॉस्पिटल मॅनेजमेंटला एका लॅब टेक्निशियनचं खुलं पत्र

सोलापुरातल्या सगळ्या लहानमोठ्या हॉस्पिटलांचे मॅनेजमेंटवाले साहेब-मॅडम, लॅब इन्चार्ज आणि पॅरामेडिकल कॉलेज चालवणारे संस्थाचालक,

तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

मी इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बरीच वर्षं झाली. कुठलं हॉस्पिटल ते सांगत नाही, नोकरी करायचीय अजून. आणि हे एकाच हॉस्पिटलचं गाऱ्हाणं नाहीच, दुसरीकडं काम करणाऱ्या मैत्रिणींशी बोललं की तेच ऐकायला मिळतं, फक्त भिंतीचा रंग वेगळा.

विषय आहे ट्रेनींचा. डीएमएलटी, बीएमएलटी, बीपीएमटी, लॅबच्या कोर्सची नावं काही असू देत, दरवर्षी नवीन बॅच येते. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा, बार्शी साइडची पोरंपोरी एसटीनं येतात, काही इथलीच पूर्व भागातली असतात, कुणाची आई विड्या वळते, कुणाचे वडील लूमवर. घरात पहिल्यांदाच कुणीतरी पांढरा कोट घालतंय, त्याचा आईबापाला केवढा आनंद असतो ते मी डोळ्यानं बघितलंय. आणि आपण काय करतो, तर पहिल्या दिवशी त्या पोराला सॅम्पलचा ट्रे हातात देऊन वॉर्डात पाठवतो. दुसऱ्या दिवशी पण ट्रे. महिन्यानं प्रमोशन मिळतं म्हणजे नोंदणीच्या काउंटरवर बसवतो, बारकोड चिकटव, रिपोर्टच्या प्रिंट काढ, फाइलला लाव, फोन उचल. ब्लड कलेक्शन मात्र खच्चून करून घेतो कारण सकाळी सात ते दहा उपाशीपोटीवाल्यांची लाइन असते आणि माणसं कमी असतात. हात चांगला बसतो पोरांचा, ते मान्य आहे. पण वर्ष संपतं, काय काय शिकलं त्याच्या लॉगबुकवर एका बैठकीत शे-दीडशे सह्या होतात, सर्टिफिकेट मिळतं आणि ते पोरगं मायक्रोस्कोपखाली मोनोसाइट कुठली आणि मोठी लिम्फोसाइट कुठली, हा दोन पांढऱ्या पेशींतला फरक न ओळखता बाहेर पडतं. मग तालुक्याच्या एखाद्या लॅबमध्ये लागतं आणि रात्री एकटं रिपोर्ट काढायला बसतं. तिथं तुमचे-माझे नातेवाईकच पेशंट असतात, एवढं ध्यानात ठेवा.

राबवू नका असं मी म्हणत नाही, काम केल्याशिवाय काम येत नाही. मी म्हणतेय की त्या वर्षाला तुम्ही ट्रेनिंग म्हणता ना, मग त्यात ट्रेनिंग दिसू द्या.

एक प्रसंग सांगते म्हणजे नेमकं काय म्हणायचंय ते कळेल. रात्रपाळी होती, वॉर्डातनं एका मावशींचं सॅम्पल आलं, पोटॅशियम नऊच्या वर आणि कॅल्शियम तीन. आता पोटॅशियम नऊ म्हणजे हृदय बंद पडायची वेळ, आयसीयूत पळापळ व्हायला पाहिजे. रिपोर्टला सिस्टीममध्ये ओके करणार तेवढ्यात आमच्याकडची एक ट्रेनी पोरगी म्हणाली, मॅडम थांबा, या मावशींना मी आत्ताच वॉर्डात बघितलं, बसून भाकरी खातायत. आणि मग तीच पुढं म्हणाली, एकाच वेळी पोटॅशियम एवढं वर आणि कॅल्शियम एवढं खाली म्हणजे जांभळ्या ट्यूबमधलं रक्त पिवळ्यात ओतलंय का बघूया. तसंच निघालं. जांभळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, ते पोटॅशियमचं मीठ असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणूनच तर रक्त गोठत नाही. वॉर्डात पिवळ्या ट्यूबला रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतनं थोडं इकडं ओतलं होतं. मशीननं बरोबरच सांगितलं, जे त्यात होतं ते. परत सॅम्पल घेतलं, पोटॅशियम चार पॉइंट काहीतरी, म्हणजे नॉर्मल.

आता मुद्दा असा की त्या पोरीला हे कळलं कसं? कॉलेजमध्ये ट्यूबचे रंग पाठ करून घेतले होते, आधी ब्लड कल्चर, मग निळी, मग लाल-पिवळी, मग हिरवी, मग जांभळी आणि शेवटी करडी, हा क्रम तर सगळ्यांनाच पाठ असतो. का, ते कुणी सांगितलेलं नसतं. तिला एका सिनियरनं अशाच एका रात्री काम नव्हतं म्हणून चहा पिता पिता सांगितलं होतं. म्हणजे योगायोग. तो सिनियर त्या रात्री रजेवर असता तर त्या मावशींना पोटॅशियम उतरवायची औषधं चालू झाली असती, चांगल्या धडधाकट हृदयाला. आपलं सगळं ट्रेनिंग असं चहाच्या भरवशावर चाललंय.

डेंग्यूच्या सीझनचं तर विचारूच नका. काउंटरनं प्लेटलेट अठरा हजार दाखवल्या की बाहेर नातेवाइकांची धावपळ सुरू, रक्तपेढीला फोन, गावाकडनं जीप भरून डोनर. त्यातल्या काही पेशंटची स्लाइड बनवून बघितली की शेपटीकडच्या भागात प्लेटलेटचे गुच्छच्या गुच्छ दिसतात, काही जणांच्या रक्तात ईडीटीएमुळंच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन तो गुच्छ प्लेटलेट म्हणून मोजत नाही. निळ्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये परत रक्त घेऊन लावलं, डायल्यूशनचा हिशोब धरला की आकडा दीड लाखावर जातो. हे स्लाइड बघितल्याशिवाय कळत नाही आणि स्लाइड बघायला मायक्रोस्कोपवर बसावं लागतं आणि आपल्याकडं ट्रेनीला मायक्रोस्कोपवर बसू देत नाहीत, कारण काय तर ऑइल इमर्शनची लेन्स खराब होते. अहो लेन्स पुसायला शिकवा की! लेन्स पेपर आणि दोन मिनिटं, एवढंच लागतं त्याला.

थुंकीच्या तपासणीचं तेच. टीबीचे जंतू मायक्रोस्कोपखाली शंभर फील्ड (एका वेळी दिसतो तेवढा भाग म्हणजे एक फील्ड) बघितल्यावर एक ते नऊ दिसले तर स्कँटी म्हणून आकडा लिहायचा, दहा ते नव्व्याण्णव दिसले तर वन प्लस, हे पोरांना तोंडपाठ. पण शंभर फील्ड बघायला किती वेळ बसावं लागतं, मान किती आखडते, ते कुणी बसवून करून घेतलंय का? वीस फील्ड बघून निगेटिव्ह लिहायची सवय लागली की स्कँटी पेशंट हमखास सुटणार, तो घरी जाऊन चार जणांना देणार. जंतूचा डीएनए शोधणारं सीबीनॅट मशीन आलं म्हणून मायक्रोस्कोप संपला असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा उपचार चालू असलेल्या पेशंटचा फॉलोअप कशावर होतो ते बघावं. सीबीनॅट मेलेल्या जंतूचा डीएनए पण पकडतं, औषध लागू पडतंय की नाही ते त्यावरनं ठरवता येत नाही.

क्वालिटी कंट्रोल हा तर वेगळाच विनोद. कंट्रोल म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत असतो असं सॅम्पल, मशीन बरोबर मोजतंय का ते बघायला लावायचं. ट्रेनीला विचारा कंट्रोल म्हणजे काय, तो सांगतो सकाळी मशीनला पाजायचं औषध. आणि त्याची काही चूक नाही, त्यानं तेवढंच बघितलंय, कंट्रोल लावला, आकडा बाहेर आला, परत लावला, आत आला, चला सॅम्पल सुरू. कंट्रोलचे रोजचे आकडे मांडायचा लेव्ही-जेनिंग्ज चार्ट भिंतीवर असतो, त्यावरचे ठिपके इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री पडतात असं पण ऐकलंय (आमच्याकडं नाही, असं म्हणते आणि पुढं जाते). कंट्रोल सरासरीपासून दोन एसडीच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) बाहेर एकदा गेला तर सावध व्हायचं, तीनच्या बाहेर गेला तर रन थांबवायचा, लागोपाठ दोनदा एकाच बाजूला दोनच्या बाहेर गेला तरी थांबवायचा, हे वेस्टगार्डचे नियम कुणी त्याला चार्टसमोर उभं करून दाखवले तर अर्ध्या तासाचं काम आहे. सहा दिवस ठिपके हळूहळू वर सरकत चाललेत म्हणजे रिएजंट उतरतंय का, लॅम्प जुना झाला का, कॅलिब्रेशन कधी केलं होतं, हा विचार करायला लागला की तो टेक्निशियन झाला. त्याच्या आधी तो बटण दाबणारा.

आता सुईकडं येते, माझा सगळ्यात जास्त राग ह्याच्यावर आहे.

आपण एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांना हिपॅटायटिस बीची लस न देता पहिल्या दिवसापासून रक्त काढायला लावतो. सरळ सांगते, लस न घेतलेल्याला बाधित पेशंटची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी व्हायची शक्यता तीस टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची हीच शक्यता साधारण 0.3 टक्के आहे, आणि सगळे घाबरतात मात्र एचआयव्हीला. 2016 च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की हा कचरा हाताळणाऱ्या सगळ्या आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि इतरांना हिपॅटायटिस बी आणि टिटॅनसची लस द्यायची जबाबदारी हॉस्पिटलची आहे, आणि कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातनं एकदा तरी ट्रेनिंग द्यायचंय. मग ट्रेनी कुणात बसतो? तो कर्मचारी नाही म्हणून लस नाही, पण सुई काढून पांढऱ्या डब्यात टाकायला तोच, लाल पिशवी बांधायला पण तोच. नियमातल्या त्या "इतरां"मध्ये तो बसत नसेल तर मग कोण बसतो ते मला कुणीतरी सांगा.

आणि टोचलं तर पोरं सांगत नाहीत. घाबरतात, मॅडम ओरडतील, मूर्ख म्हणतील, घरी कळेल, लग्न जमायचंय. एका पोरीनं ग्लोव्ह बदलला आणि पुढचा पेशंट घेतला, मला तिच्या मैत्रिणीकडनं संध्याकाळी कळलं. एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायचं पीईपी औषध जेवढं लवकर तेवढं चांगलं, दोन तासांत सुरू झालं तर उत्तम आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत, म्हणजे तिनं लपवलेला एकेक तास महत्त्वाचा होता. धावत जाऊन सगळं करून घेतलं, पुढच्या टेस्टपण नीट आल्या. पण टोचलं तर कुणाला फोन करायचा, कुठं जायचं, पैसे कोण भरणार, हा एवढा एक कागद कलेक्शन रूमच्या भिंतीवर चिकटवायला काय लागतं? आणि वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका म्हणून बोर्ड लावायचा आणि नीडल कटर मात्र बिघडलेला ठेवायचा, असं नका करू.

सॅम्पल रिजेक्ट करण्याबद्दल पण बोलायचंय. ट्रेनीला आपण सांगतो की गुठळी झालेलं सॅम्पल घ्यायचं नाही, हिमोलाइज झालेलं, म्हणजे लाल पेशी फुटलेलं, घ्यायचं नाही, निळी ट्यूब खुणेपर्यंत भरलेली नसेल तर घ्यायची नाही. निळीत 0.3 मिली सायट्रेट असतं आणि 2.7 मिली रक्त पाहिजे, अर्धीच भरली तर पीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, लांबून येतो आणि डॉक्टर त्यावर रक्त पातळ करायची गोळी कमी करतात, म्हणजे नुकसान पेशंटचं. पोरगं हे सगळं शिकतं आणि एक दिवस खरंच रिजेक्ट करतं. मग वॉर्डातनं फोन येतो, तू कोण रे रिजेक्ट करणारा, लहान बाळाचं रक्त किती वेळा काढायचं, इन्चार्जला दे फोन. आणि इन्चार्ज म्हणतात, लावून टाक रे, भांडण नको. झालं, त्या दिवशी ते पोरगं जे शिकलं ते आयुष्यभर विसरत नाही. इन्चार्ज मंडळींनो, त्या एका फोनवर तुम्ही ट्रेनीच्या बाजूनं बोललात तर सहा महिन्यांच्या लेक्चरपेक्षा जास्त शिकवून जाल.

आणि आपलं सोलापूर म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-त्रेचाळीस, तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवरनं सॅम्पल मोटरसायकलच्या डिकीत येतात, आइसपॅक कधीच वितळलेला. साध्या ट्यूबमध्ये सेल न वेगळे करता ठेवलेल्या रक्तातली साखर नेहमीच्या तापमानाला पण तासाला साधारण पाच ते सात टक्के कमी होते, पेशी खातात ती, उन्हात तर अजूनच. म्हणून करडी फ्लोराइडची ट्यूब, आणि तिचापण परिणाम पूर्ण लागू व्हायला तास-दोन तास जातात. शुगर एकदम चांगली आली म्हणून पेशंट खूश आणि खरं म्हणजे शुगर डिकीत उतरली. ह्या गोष्टी पुण्या-मुंबईच्या पुस्तकातनं आपल्या पोरांना कळणार नाहीत, इथं बसूनच कळतात, म्हणून तर इथं ट्रेनिंगला महत्त्व.

तसंच नावाचं. आपल्याकडं पेशंट मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू, सगळे. बाकावर बसलेल्या आजींना "तुम्ही अमुक का?" असं विचारलं की त्या कुठल्याही नावाला मान हलवतात, ऐकू आलेलं नसतं किंवा भाषा कळलेली नसते. नाव त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचं, मी पोरांना सांगते, तुमचं नाव काय हे कानडीत "निम्म हेसरु एनु", तेलुगूत "मी पेरु एमिटि", एवढं तरी तोंडात बसवा. आणि ट्यूबवर नाव पेशंटच्या समोर लिहायचं, आधी लिहून ठेवलेल्या ट्यूबा घेऊन फिरायचं नाही. रक्तगट आणि क्रॉसमॅचला (द्यायचं रक्त पेशंटला जुळतंय का ते बघताना) ही चूक झाली तर परत दुरुस्त करायला पेशंट राहत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते कारण त्यावर बोललं की लगेच बजेट निघतं. बऱ्याच ठिकाणी ट्रेनीला एक रुपया मिळत नाही, उलट काही ठिकाणी पोरांकडनंच ट्रेनिंग फी घेतात. म्हणजे सकाळी सातला ड्युटी, रविवार नाही, गड्ड्याची यात्रा नाही, वर फी. निदान एसटीचा पास आणि दुपारचं कँटीनचं जेवण तरी द्या. नाईट ड्युटीला पोरींना एकटं ठेवू नका, आणि रात्रीच्या रिपोर्टची जबाबदारी ट्रेनीवर टाकून सिनियरनं आत जाऊन झोपायचं हे तर अजिबात नको. यात माझेच सहकारी येतात, वाईट वाटलं तर वाटू दे.

संस्थाचालकांनो, तुम्हालापण सांगायचंय. 2021 साली केंद्राचा अलाइड आणि हेल्थकेअर प्रोफेशन्सचा कायदा आला, त्यात आपलं मेडिकल लॅबोरेटरीचं क्षेत्र पहिल्याच गटात आहे आणि अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी कमीत कमी 2000 तासांचं शिक्षण सांगितलंय. बीपीएमटीला तर शेवटचं अख्खं वर्ष इंटर्नशिपचं असतं. तास कागदावर भरतातच, मला माहितीय. पण तुमचा एखादा शिक्षक वर्षभरात कधी पोरं कुठं बसतात ते बघायला लॅबमध्ये आलाय का? आमच्याकडं आलेला मी तरी बघितला नाही, लॉगबुक मात्र कुरिअरनं येतात. पोराला हिमॅटॉलॉजीत किती आठवडे, बायोकेमिस्ट्रीत किती, मायक्रोबायोलॉजीत आणि रक्तपेढीत किती, हे हॉस्पिटलशी आधी लिहून ठरवा, आणि तिथं बसवलंच नाही तर पोरं तिथनं काढून घ्या. काढून घेतली तर हॉस्पिटलचं कलेक्शन काउंटर दोन दिवसांत बंद पडेल, एवढी ताकद तुमच्या हातात आहे.

हॉस्पिटलवाल्यांकडं माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक ट्रेनीला एक सिनियर नेमून द्या, नावानिशी, आणि त्या सिनियरला रोज तासभर कामातनं मोकळं करा. दुपारी दोन ते तीन लॅब तशीपण थोडी शांत असते. त्या तासात एक स्लाइड, एक कंट्रोल चार्ट, एक विचित्र रिपोर्ट, बास. चांगल्या स्लाइड फेकून देऊ नका, मलेरियाची, ब्लास्ट सेलची, मायक्रोफायलेरियाची, एक डबा भरून ठेवा शिकवायला. लॉगबुकवर सही त्याच दिवशी करा आणि करताना एक प्रश्न विचारा. कुठल्या हॉस्पिटलला हे जमवायचं असेल तर मी माझ्या सुट्टीच्या दिवशी येऊन स्लाइड दाखवायला तयार आहे, मानधन नको, मायक्रोस्कोप चांगला ठेवा म्हणजे झालं.

आणि बाकीच्याला वेळ लागणार असेल तर लागू दे, लसीचं मात्र पुढच्या मीटिंगची वाट न बघता आत्ताच बघा. पहिला डोस, महिन्यानं दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, आणि त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीचं प्रमाण, दहाच्या वर आलंय का तपासायचं. म्हणजे नवीन बॅचला सुई हातात द्यायच्या आधी निदान पहिले दोन डोस व्हायचे असतील तर कॉलेजनं ॲडमिशनच्या वेळीच सुरुवात करायला पाहिजे, आणि आत्ता जी पोरं तुमच्या कलेक्शन रूममध्ये उभी आहेत त्यांना पहिला डोस उद्या सकाळी द्या, ड्युटी सुरू व्हायच्या आधी.

तुमचीच,
सोलापुरातली एक लॅब टेक्निशियन